आधी रुंदी, मग फॉरमॅट

संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढणे आणि तो फाइल म्हणून बाहेर काढणे ही दोन कामे लागोपाठ होतात, पण दोहोंना मिळणारा मान सारखा नाही. पहिल्यावर पुस्तके आहेत, अभ्यासक्रम आहेत. दुसरे ‘एक्स्पोर्ट’ नावाच्या बटणावर सोपवून दिलेले असते. फाइल पीएनजी असावी की पीडीएफ, टिफ असावी की एसव्हीजी, हा प्रश्न नियतकालिकाकडून किंवा छापखान्याकडून आलेख परत आला की मगच उभा राहतो, आणि तेव्हा त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. ती मते येथे दोन काल्पनिक व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. एक संशोधक बाई आहेत, त्यांचे रोजचे काम आर आणि स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये चालते. दुसरे पानांची मांडणी करणारे काका आहेत, आणि असे आलेख अखेरीस त्यांच्याच टेबलावर येतात. ‘दोघांचेही थोडे थोडे बरोबर’ असे म्हणून या वादातून सुटता येणार नाही, कारण हा आवडीनिवडीचा वाद नाही. फाइलच्या पोटात काय साठवले जाते हे पाहिले की त्याचा निकाल लावता येतो.

संशोधक : काका, स्पष्टच बोलते. माझं काम विश्लेषणाचं. नमुना कसा निवडला, मॉडेल कोणतं बसवलं, त्रुटी किती राहिली, यात माझे महिने जातात. फाइल कोणत्या जातीची असावी हे तुमच्या धंद्यातलं. मी सगळे आलेख पीएनजीत काढते, ३०० डीपीआय टाकते, विषय संपला. पीएनजी वर्डमध्ये बसतं, पॉवरपॉइंटमध्ये बसतं, ब्राउझरमध्ये दिसतं, मोबाइलवर उघडतं. तुम्ही मागता ते ईपीएस माझ्या सहलेखकांना पाहताही येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ऑफिसमध्ये ईपीएस घालायची सोयच बंद केली. शिवाय ईपीएसमध्ये अर्धपारदर्शक रंग चालत नाहीत. विश्वासाचा पट्टा म्हणून रेषेभोवती फिकट छटा द्यावी, तर आर इशारा देऊन ती छटाच गाळून टाकतं. जे सगळीकडे चालतं ते सोडून असल्या अडचणीच्या गोष्टीमागे मी का लागू?

मांडणीकार : मॅडम, ईपीएसची बाजू मी घेणारच नाही, त्याचा काळ गेला. पीएनजीलाही माझा विरोध नाही. माझा आक्षेप ‘विषय संपला’ या दोन शब्दांना आहे. तुमची पीएनजी म्हणजे रंगवलेल्या चौकोनांची जाळी. अक्ष, अंक, ठिपके, रेषा हे सगळं त्या चौकोनांत विरघळून गेलेलं असतं. मला एका अंकाचा फॉन्ट बदलायचा असेल, तर तो अंक तिथे नसतोच. असतात ते काळे-करडे चौकोन. पीडीएफ आणि एसव्हीजीत मात्र सूचना असतात : इथून इथपर्यंत एवढ्या जाडीची रेघ, इथे हे अक्षर, या मापाचं. मी आलेख कितीही मोठा केला तरी रेघ रेघच राहते. ज्याच्यात माहिती जास्त शिल्लक आहे ते द्या, एवढंच मागणं आहे.

येथे काकांची बाजू जड वाटते, आणि तत्त्वतः ती तशी आहेच. पण प्रत्येक फॉरमॅट कोणत्या गरजेतून आला हे ध्यानात घेतले की चित्र अधिक स्पष्ट होते. जेपेगचे मानक १९९२ चे, आणि ते छायाचित्रांसाठी बेतलेले. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यातले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते, आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी तपशिलाने ठेवते. चेहऱ्यावर, आभाळावर, झाडांवर हे खपून जाते, कारण तिथे एक छटा दुसरीत हळूहळू मिसळते. आलेखात मात्र पांढऱ्यावर काळी बारीक रेघ असते, म्हणजे नेमका तोच धारदार बदल जेपेगला पेलत नाही. अशी फाइल पडद्यावर चारपट मोठी करून पाहिली, तर अक्षावरच्या अंकांभोवती करड्या ठिपक्यांची धूळ दिसते. ती फाइल नंतर टिफ किंवा पीएनजी म्हणून सेव्ह केली तर धूळ जात नाही, उलट कायमची जपली जाते. गंमत अशी की साध्या आलेखाची पीएनजी जेपेगपेक्षा लहानही निघते, कारण एकाच रंगाचे मोठे पट्टे पीएनजी सहज आवळते आणि एकही पिक्सेल गमावत नाही. १९९६ मध्ये आलेले पीएनजी जीआयएफला पर्याय म्हणून घडवले गेले. जीआयएफमध्ये वापरलेल्या संक्षेपपद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते आणि जीआयएफची मर्यादा २५६ रंगांची होती. थोडक्यात, आलेखासाठी जेपेग कधीच नाही, यावर वाद संभवत नाही. खरा वाद पिक्सेलची जाळी आणि रेषांच्या सूचना यांच्यातला आहे.

संशोधक : मग जाळी पुरेशी बारीक केली की झालं! ३०० डीपीआय कमी पडत असेल तर ६०० करते. नियतकालिकंही डीपीआयच मागतात. एल्सव्हिअर हा प्रकाशक तर नुसत्या रेघांच्या चित्राला १००० डीपीआय मागतं. म्हणजे दर्जाचं मोजमाप तेच झालं ना?

मांडणीकार : डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. पण इंच किती, ते तुम्ही सांगितलंच नाही! आरमधली पीएनजीची आज्ञा काही न सांगता चालवली तर ४८० बाय ४८० पिक्सेलचं चित्र निघतं. त्याच्यावर ३०० डीपीआयची चिठ्ठी लावली तर ते कागदावर १.६ इंच, म्हणजे चार सेंटिमीटर भरतं. चिठ्ठीच म्हणतो मी, कारण पीएनजी फाइलमध्ये ती तशीच असते : दर मीटरला किती पिक्सेल, असा एक आकडा. ३०० डीपीआयला तो ११,८११ असतो. तो आकडा बदला, चित्रातला एकही पिक्सेल हलत नाही. कपडा शिवून झाल्यावर शिंप्याला माप सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

काकांचा हा मुद्दा वादाच्या मुळाशी नेतो. पण तो पूर्ण लावून पाहिला तर खुद्द काकांच्या भूमिकेलाही धक्का बसतो. एक साधे उदाहरण घेऊ. जीजीप्लॉट-टू या आरमधल्या पॅकेजात अक्षरांचे मूळ माप ११ पॉइंट असते आणि अक्षावरचे अंक त्याच्या ०.८ पट, म्हणजे ८.८ पॉइंटचे निघतात. आलेख सात इंच रुंदीने सेव्ह केला आणि ‘नेचर’सारख्या नियतकालिकाच्या एका कॉलममध्ये, म्हणजे ८९ मिलिमीटर किंवा साधारण साडेतीन इंचात बसवला, तर सगळे निम्मे होते. अंक ४.४ पॉइंटवर येतात. ‘नेचर’ची अपेक्षा पाच ते सात पॉइंटची असते. आता बाईंनी डीपीआय ३०० वरून ६०० केला तर काय होईल? अंक ४.४ पॉइंटचेच राहतील, फक्त अधिक रेखीव. आणि काकांनी मागितल्याप्रमाणे पीडीएफ दिली तर? तरीही ४.४ पॉइंटच, अगदी सुबक आणि तितकेच वाचता न येणारे. याउलट तोच आलेख पहिल्यापासून साडेतीन इंच रुंदीने काढला, तर अंक ८.८ पॉइंटचे राहतात. जागा अपुरी पडते आहे, अंक एकमेकांवर चढताहेत हे लगेच दिसते, आणि मग अक्षावरच्या खुणा कमी करायच्या की फॉन्ट सात पॉइंटवर आणायचा, हा निर्णय आलेख काढणारी व्यक्ती स्वतः घेते.

याच चुकीचे आणखी टोकाचे रूपही आढळते. ‘मोठे चित्र हवे’ म्हणून रुंदी २१०० पिक्सेल सांगायची आणि रिझोल्यूशन सांगायचे विसरायचे. आर तेव्हा ७२ डीपीआय धरते, म्हणजे त्याच्या हिशेबाने कागद २९ इंच रुंद असतो. त्या कागदावरची १२ पॉइंटची अक्षरे साडेतीन इंचात आली की दीड पॉइंटचीही उरत नाहीत. पिक्सेल तर भरपूर, अगदी ६०० डीपीआयला पुरतील इतके. आलेख मात्र वाया. म्हणून या लेखाचे म्हणणे असे : आलेख ज्या रुंदीला पाहिला जाणार आहे, ती रुंदी हा पहिला निर्णय, आणि तो आलेख काढतानाच घ्यायचा. रुंदी ठरली की डीपीआय हा नुसता गुणाकार उरतो. ९० मिलिमीटरला १००० डीपीआय म्हणजे ३५४३ पिक्सेल, इतकी ती सरळ गोष्ट आहे. आणि फॉरमॅटची निवड ही आलेख कशाचा बनला आहे, यावरून आपोआप ठरत जाते.

संशोधक : रुंदीचं पटलं. पण रेषांच्या सूचनांचा, म्हणजे व्हेक्टर फॉरमॅट नेहमीच चांगला, हे मला मान्य नाही. जीजीप्लॉट-टूसोबत हिऱ्यांच्या किमतींचा एक सरावाचा डेटा येतो, त्यात ५३,९४० नोंदी आहेत. वजन आणि किंमत यांचा विखुरचित्र-आलेख पीडीएफमध्ये काढला, तर पान उघडताना वाचकाच्या संगणकाला ५३,९४० वर्तुळं एकामागून एक रंगवावी लागतात. त्यातली बहुतेक एकमेकांखाली झाकलेली. दिसत काहीच जास्त नाही, पान मात्र अडकतं. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एसव्हीजी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता येते. प्रत्येक ठिपक्याचे सहनिर्देशक तिथे लिहिलेले असू शकतात. अक्षावरच्या खुणा धरून मूळ आकडे परत काढायला कितीसा वेळ लागणार? माझ्या आलेखातले ठिपके रुग्णांचे असतील तर तुमची ‘जास्त शिल्लक माहिती’ हाच धोका आहे.

मांडणीकार : हे दोन्ही मुद्दे मी मान्य करतो. अशा जड पीडीएफ पानात घातल्या की माझंही मशीन धापा टाकतं. पण म्हणून सगळाच आलेख गोठवायला नको. नुसते ठिपके पिक्सेलचे ठेवा. अक्ष, अंक, शीर्षक आणि कलरेषा व्हेक्टर राहू द्या.

काकांची ही सूचना हवेतली नाही. पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये आलेखातल्या एखाद्याच घटकाला ‘रास्टराइज्ड’ म्हणून खूण करता येते. आरमध्ये जीजीरास्टर हे पॅकेज तेच काम करते. फाइल पीडीएफच राहते, फक्त ठिपक्यांचा ढग तिच्यात चित्र म्हणून बसतो. गोपनीयतेचा मुद्दा मात्र एवढ्यावर भागणारा नाही, हेही म्हटले पाहिजे. विरळ ठिपक्यांचा आलेख पीएनजीत असला तरी चित्रावरून आकडे टिपून घेणारी साधने आहेत. पीएनजी फक्त झाकलेले ठिपके खरोखर पुसते. उघडे ठिपके उघडेच राहतात. म्हणजे व्यक्तीची ओळख पटण्याचा धोका असेल तर उपाय फाइलचा नाही, आलेखाचा आहे : ठिपक्यांऐवजी गटवार घनता दाखवा. स्टाटा वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ‘ग्राफ सेव्ह’ आणि ‘ग्राफ एक्स्पोर्ट’ या तिथे वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीने होणारी जीपीएच फाइल पुढे आलेख सुधारता यावा म्हणून नेहमीच्या पद्धतीत मूळ आकडेही पोटात बाळगते. ती स्वतःच्या संग्रहासाठी उत्तम, पण बाहेर पाठवायची ती एक्स्पोर्ट केलेली फाइल.

मराठीत आलेख काढणाऱ्यांना यात आणखी एक अडथळा भेटतो. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीतही निघते, शाळा-महाविद्यालयांचे प्रकल्प मराठीत होतात, नियतकालिके मराठीत आलेख छापतात. म्हणजे अक्षावर ‘पुणे’, ‘नाशिक’, ‘स्त्रिया’ लिहिण्याची गरज खरी आहे. आरमध्ये पडद्यावर ही नावे नीट दिसतात, पण साध्या पीडीएफ आज्ञेने सेव्ह केले की त्यांच्या जागी टिंबांची रांग उमटते. कारण ती आज्ञा मुळात एका बाइटच्या अक्षरसंचावर चालते, आणि यूनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचे असते. कैरो या सॉफ्टवेअर-लायब्ररीवर आधारलेली दुसरी पीडीएफ आज्ञा वापरली आणि देवनागरी फॉन्टचे नाव दिले की नावे जोडाक्षरांसकट नीट येतात. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट देवनागरी जाणत नाही, त्यामुळे रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट बदलला तरी दीर्घकाळ तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसण्याची आणि जोडाक्षरे फुटण्याची तक्रार राहिली आहे. एसव्हीजीत अक्षरे अक्षरे म्हणून ठेवली तर ती शोधता येतात आणि सुधारता येतात, पण समोरच्या संगणकावर तो फॉन्ट हवा. अक्षरांचे आकार रेषांत बदलून ठेवले तर ती कुठेही तशीच दिसतात, पण मग ‘नाशिक’ हा शब्द म्हणून उरत नाही. दुरुस्तीसाठी मांडणीकाराकडे जाणारी प्रत पहिल्या प्रकारची आणि छापण्यासाठी जाणारी दुसऱ्या प्रकारची, ही वाटणी सोयीची.

संशोधक : एवढं सगळं लक्षात कोण ठेवणार? चाळीस आलेखांचा प्रबंध असतो, मार्गदर्शक प्रत्येक वेळी दोन बदल सांगतात. दरवेळी रुंदी मोजत बसले तर प्रबंध कधी संपायचा?

मांडणीकार : दरवेळी नका मोजू, एकदाच मोजा आणि कोडमध्ये लिहून ठेवा. खिडकीतलं बटण दाबता तेव्हाच दरवेळी मोजावं लागतं.

आक्षेपांतला हा शेवटचा, आणि सर्वांत खरा. वेळ नाही ही सबब नसून वस्तुस्थिती असते. पण वेळ जातो तो बटणामुळे. आर वापरण्यासाठीच्या आरस्टुडिओ या प्रोग्रामातून माउसने आलेख बाहेर काढला तर त्याचे माप त्या क्षणी आलेखाची खिडकी केवढी ताणली आहे यावरून सुचवले जाते. जीजीप्लॉट-टूमधली जीजीसेव्ह ही आज्ञासुद्धा रुंदी-उंची न सांगता दिली, तर चालू खिडकीचेच माप उचलते. म्हणजे तोच डेटा, तोच कोड, पण सोमवारी लॅपटॉपवर काढलेला आलेख आणि मंगळवारी मोठ्या पडद्यावर काढलेला आलेख यांतली अक्षरे वेगळ्या मापाची. दुरुस्तीच्या दहाव्या फेरीत चाळीस आलेख पुन्हा एकसारखे करण्यात दिवस जातो तो यामुळेच. रुंदी, उंची, एकक आणि फाइलचे नाव कोडच्या एका ओळीत लिहिले की चाळीस आलेख एका फटक्यात पुन्हा निघतात. जीजीसेव्ह तर फाइलच्या नावाच्या शेपटीवरूनच फॉरमॅट ओळखते, त्यामुळे एकाच आलेखाची छपाईसाठी पीडीएफ आणि वर्डसाठी पीएनजी काढायला दोन ओळी पुरतात. विश्लेषण पुन्हा करून पाहता यावे म्हणून आपण कोड जपतो, तर त्याचे शेवटचे पाऊल तेवढे हाताने टाकण्यात काय हशील?

बाईंच्या पीएनजीला या हिशेबात मानाची जागा आहे. वर्डमध्ये किंवा सादरीकरणात घालायला, वेबपानावर दाखवायला, लाखभर ठिपक्यांच्या आलेखाला पीएनजी योग्यच. मात्र वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रे दर इंचाला २२० पिक्सेलपर्यंत आवळतो, ती सोय पर्यायांत जाऊन बंद करावी, आणि व्हॉट्सॲपवर आलेख फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर जपलेली पीएनजी पोचेपर्यंत जेपेग होते. छापायच्या बाकी सर्व रेघांच्या आलेखांना पीडीएफ, आणि मांडणीकाराला हात फिरवायचा असेल तिथे एसव्हीजी. ‘प्लॉस’सारखी नियतकालिके टिफ किंवा ईपीएस मागतात, तिथे टिफच द्यावे, पण ते मूळ कोडमधून थेट त्या मापाचे काढावे, दुसऱ्या चित्रातून बदलून नव्हे.

फॉरमॅट सांभाळणे हे मांडणीकाराचे काम आणि आलेख वाचता येईल असा काढणे हे संशोधकाचे, ही कामांची वाटणी मुळातच चुकीची आहे. चार सेंटिमीटरच्या पीएनजीतून काका हरवलेले अंक परत आणू शकत नाहीत, आणि ४.४ पॉइंटच्या अक्षरांना कोणतीही पीडीएफ मोठे करत नाही. तेव्हा पुढचा आलेख कुठेही पाठवण्याआधी तो ज्या रुंदीला छापला जाणार, त्याच रुंदीला कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचून पाहा. अंक वाचता आले नाहीत तर फॉरमॅट बदलू नका. आलेख पुन्हा काढा.